रुथ, यशयाचा एकोणिसावा अध्याय काढ

प्रिय रुथ,

सलाम आणि खूप खूप प्रेम.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मग तुझ्या आईला ऐकवला, मग परत ऐकला कारण मागे तुमच्या वॉर्डातला गोंगाट इतका होता की निम्मं कळलंच नाही. मोबाईलवर उत्तर टाइप करत बसलो असतो तर अंगठा कामातून गेला असता, म्हणून कॉम्प्युटरवर बसून सरळ पत्रच लिहितोय. ड्युटी संपली की निवांत वाच, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल. हिस्ट्रीच्या मास्तराला प्रश्न विचारलास तेव्हाच तुला कळायला हवं होतं की उत्तर लांबणार.

तर तुमच्या त्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, नर्स सिस्टर, ज्यांच्या मनगटावर आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदलाय म्हणालीस, त्यांच्या लॉकरवरच्या अरबी स्टिकरचा अर्थ 'माझे लोक मिसर आशीर्वादित असोत' असा निघाला आणि त्या म्हणाल्या हे शास्त्रातच आहे, आणि तू म्हणालीस असं कसं असेल, मिसर म्हणजे फारो, दहा पीडा, विटा थापायची गुलामी. बेटा, त्या शंभर टक्के बरोबर आहेत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १९ वा अध्याय, शेवटचं वचन: माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर आणि माझे वतन इस्राएल आशीर्वादित असोत. कॉप्टिक मंडळींना, म्हणजे मिसरच्या जुन्या ख्रिस्ती लोकांना, हे वचन लहानपणापासून तोंडपाठ असतं, आपल्याकडे स्तोत्र २३ असतं ना तसं. आणि आपल्याला ते माहीत नाही कारण आपल्या उपासनेत यशया ५३ वाचतात, नाताळात ९ वाचतात, एकोणिसावा कोण काढतो! मी इतकी वर्षं मंडळीत बसतोय, त्यावर एकही उपदेश ऐकल्याचं आठवत नाही.

सोबत तू तो व्हिडिओ पण पाठवलायस, नकाशावर लाल बाण फिरतायत, मागे ढोल वाजतायत आणि तो भाऊ सांगतोय की दिमिष्क, म्हणजे सीरियाची राजधानी दमास्कस, पडलं, आता राजमार्ग उघडणार, तयार राहा. त्याच्याकडे नंतर येतो. आधी अध्याय काढ आणि समोर ठेव, नाहीतर माझं म्हणणं हवेत जाईल.

अध्यायाची सुरुवात भयंकर आहे. परमेश्वर मेघावर बसून मिसरावर येतो, त्यांच्या मूर्ती कापतात, भाऊ भावाशी लढतो, नाईल आटते, कोळी गळ टाकून रडत बसतात, जवसाचे धागे विणणाऱ्यांचे चेहरे पडतात. पंधरा वचनं हेच चाललंय आणि यरुशलेममध्ये बसून ऐकणाऱ्या माणसाला बरंच वाटलं असणार, बरी खोड मोडली असं. आणि मग सोळाव्यापासून 'त्या दिवशी' असं पुन्हा पुन्हा यायला लागतं आणि सगळं हळूहळू वळतं. मिसर देशाच्या मध्यभागी परमेश्वराची वेदी, सीमेवर स्तंभ. आणि विसावं वचन नीट वाच, मिसरी लोक जाचणाऱ्यांमुळे परमेश्वराला हाक मारतील आणि तो त्यांना तारणारा पाठवेल. आता हे ओळखीचं वाटतंय का? निर्गमाचं पुस्तक उघड. इस्राएल लोकांनी मिसरात आक्रोश केला, देवानं ऐकलं, मोशेला पाठवलं. म्हणजे ज्यांच्या जाचातून सुटका झाली त्या जाच करणाऱ्यांनाच देव आता तीच सुटका देतोय, त्यांचंही एक निर्गम होणार. मला तर हे वाचून पहिल्यांदा गरगरलं होतं.

पण मिसर त्यामानानं सोपा. मिसरबद्दल शास्त्रात थोडा मऊपणा आधीपासून आहे, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात मोशे सांगतो की मिसऱ्याचा द्वेष करू नका, तुम्ही त्याच्या देशात उपरे होता. योसेफाला मिसरानं मोठं केलं, दुष्काळात पोट भरलं. आणि पुढे हेरोदाच्या भीतीनं बाळ येशूला घेऊन मरीया आणि योसेफ पळाले ते मिसरातच, त्या सिस्टरना विचार, त्या तुला सगळा रूट सांगतील, कुठे थांबले, कोणत्या झाडाखाली बसले, त्यांच्याकडे त्या जागांच्या यात्रा असतात.

खरा अवघड घास अश्शूर आहे, आजच्या उत्तर इराकमधलं तेव्हाचं क्रूर साम्राज्य.

तुला लाखीशचे दगड दाखवायचेत. नेटवर 'लाखीश ब्रिटिश म्युझियम' टाक, फोटो मोठे करून बघ. इसवी सन पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेच्या राज्यावर, चालून आला, लाखीश हे यरुशलेमनंतरचं महत्त्वाचं तटबंदीचं शहर, ते त्यानं घेतलं आणि घरी निनवेला जाऊन राजवाड्यातल्या खोलीच्या भिंतीभर त्याची चित्रं दगडात कोरून घेतली, म्हणजे येणाऱ्या पाहुण्याला धाक बसावा. १८४० च्या दशकात लेयार्ड नावाच्या इंग्रजानं ती खणून काढली आणि लंडनला नेली. त्यात दगडमातीचा उतार रचून वर चढवलेली तट फोडायची यंत्रं आहेत, वरून लोक पेटती मशाल फेकतायत, शेजारी तीन माणसं जिवंत की मेलेली कळत नाही पण उघडी, खांबावर खुपसून उभी केलेली. आणि त्याच्याच बाजूनं बायका, पोरं बैलगाडीवर बोचकी बांधून निघालीयेत, बैलाच्या बरगड्या दिसतात, एवढं बारीक काम आहे. एका टोकाला सन्हेरीब सिंहासनावर बसून लूट बघतोय. त्याचा चेहरा मात्र कोणीतरी मुद्दाम छिन्नीनं उडवलाय, बहुतेक ६१२ मध्ये निनवे पडली तेव्हा. तो उतार लाखीशला आजही जागेवर आहे.

सन्हेरीबानं लिहून पण ठेवलंय, की मी यहूदाचा राजा हिज्कीया याची ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि त्याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. याच्या आधी ७२२ मध्ये उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन घेऊन अश्शूरनं ते राज्य कायमचं संपवलं होतं, तिथली माणसं उचलून कुठल्या कुठे नेऊन टाकली. आणि यशया हे सगळं बघत होता बेटा. तो लांबून लिहिणारा माणूस नव्हे, तो त्याच कोंडलेल्या शहरात होता. २ राजे १८ वाच, अश्शूरचा तो रब्शाके नावाचा अधिकारी तटाखाली उभा राहून मुद्दाम लोकांना कळेल अशा त्यांच्याच बोलीत ओरडतोय, हिज्कीयाचे अधिकारी विनवतायत की बाबा अरामीत बोल, आम्हाला कळतं, तटावरच्या लोकांना ऐकवू नको, आणि तो आणखी जोरात ओरडतो. मिसरावर भरवसा ठेवलात ना, म्हणतो, मोडका बोरू आहे तो, टेकायला जाल तर हातात घुसेल. हिज्कीयानं खंडणी देण्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनं सुद्धा खरवडलं होतं.

अशा माणसांबद्दल, अशा काळात, यशयाच्या तोंडून देव म्हणतो की अश्शूर माझ्या हातची कृती.

आता ती तीन नावं बघ. मिसर 'माझे लोक', अश्शूर 'माझ्या हातची कृती', इस्राएल 'माझे वतन'. यातली पहिली दोन नावं शास्त्रात एरवी कोणाची असतात? इस्राएलचीच. 'माझ्या लोकांना जाऊ दे' हे फारोलाच तर सांगितलं होतं. म्हणजे घरातल्या पोराला ज्या लाडाच्या नावानं हाक मारायची त्या नावानं बापानं अंगणात उभं राहून दारातल्या दुश्मनाच्या पोराला हाक मारावी, असं आहे हे. आणि इस्राएल तिसरा. वचन २४ मध्ये सरळ लिहिलंय, तिघांतला तिसरा. पहिला नाही, दोघांच्या डोक्यावर नाही. आणि हेही बघ की मिसर मिसरच राहतो, अश्शूर अश्शूरच राहतो, त्यांना इस्राएल व्हायला लागत नाही, कोणी कोणाला जिंकून आत घेतलेलं नाही. मला विचारशील तर अख्ख्या भविष्याचं मर्म इथं आहे, की मेळ होतो तेव्हा आपलं खास असं जे वाटत होतं ते नाव शत्रूला पण दिलेलं ऐकावं लागतं, आणि ते ऐकून घेणं लढाई हरण्यापेक्षा अवघड असतं. योनाचं पुस्तक दुसरं काय आहे? त्याला मासा गिळतो ते आपण संडे स्कूलला शिकवतो, चित्रं रंगवून घेतो, पण योना चिडतो कशावर? निनवे नाशातून बचावली यावर. म्हणतो मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, म्हणून तर मी पळालो, आता मला मरण दे. निनवे म्हणजे अश्शूरच. ज्यानं शोमरोन संपवलं त्या साम्राज्याचं शहर. योनाचं चुकलं असं आपण फटकन म्हणतो कारण आपल्या आजोबांना कोणी खांबावर टांगलेलं नाही.

आता राजमार्ग. वचन २३. मिसरातून अश्शूरला रस्ता होईल, इकडचे तिकडे जातील, तिकडचे इकडे येतील आणि मिळून सेवा करतील. ते व्हिडिओवाले हे असं सांगतात की जणू नवीन एक्सप्रेसवेचं टेंडर निघणार आहे. अगं रस्ता तर होताच! नाईलच्या मुखापासून वाळवंटाच्या कडेनं रफाह, मग गाझा, मग किनाऱ्यानं वर, मगिद्दोच्या खिंडीतून आत, दिमिष्क आणि मग फरात ओलांडून निनवेकडे. जगातल्या जुन्या रस्त्यांपैकी एक. इस्राएल आणि यहूदा बिचारे त्या रस्त्याच्या कडेला बसलेले, दोन हत्तींच्या वाटेत. त्यावरून काय जायचं तर सैन्यं. इसवी सन पूर्व ६०९ मध्ये फारो नखो अश्शूरच्या मदतीला याच रस्त्यानं निघाला होता, योशीया राजा मध्ये आडवा गेला आणि मगिद्दोला मारला गेला. ६७१ मध्ये उलट्या दिशेनं सन्हेरीबाचा मुलगा एसरहद्दोन मिसर जिंकायला गेला, नातवाच्या वेळी ६६३ मध्ये मिसरचं थीब्ज शहर लुटलं गेलं. यशया तर पुढच्याच अध्यायात, विसाव्यात, तीन वर्षं उघडाबोडका अनवाणी फिरतो, कशाला? तर अश्शूर मिसरच्या लोकांना असंच नागवं करून हाकत नेणार हे दाखवायला. म्हणजे एकोणिसाव्यात त्याच रस्त्यानं दोघं बरोबर उपासनेला जाणार आणि विसाव्यात एक दुसऱ्याला दोरी बांधून नेणार. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवलीत, ज्यानं ठेवली त्याला कळत होतं तो काय करतोय.

एक गंमत सांगतो, आता मास्तर जागा झालाच आहे तर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी १९४२ मध्ये हैफा ते बैरूत ते लेबनॉनमधलं त्रिपोली अशी रेल्वे पुरी केली, त्यामुळे कैरोपासून वर सीरियापर्यंत आणि तिथून मोसुलपर्यंत रूळ एकमेकांना जोडले गेले. सहा-एक वर्षं. तेही मुख्यतः सैन्याच्या सामानासाठीच म्हणा. १९४८ च्या युद्धात तुटले ते आजतागायत. आज कैरोहून गाडी काढून मोसुलला याच रस्त्यानं जाऊन दाखव, रफाहलाच अडकशील.

आणि आपली माणसं पण त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना गेलीयेत, हे तुला माहीत नसेल. तू सुट्टीत आजोळी जायचीस तिथं चावडीजवळ भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून अमुक माणसं गेली आणि त्यातली अमुक परत आली नाहीत, पोरं त्यावर क्रिकेटचे स्टंप आखायची. तशा पाट्या सातारा-पुणे-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत आहेत. त्यातली पुष्कळ मराठी पोरं मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेली, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिली. आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपता संपता, ११४ वी मराठा पलटण शर्कातला तुर्कांशी लढली, मराठा लाईट इन्फन्ट्री त्याचं नाव आजही मानानं घेते. शर्कात कुठे आहे? टायग्रिसच्या काठावर, मोसुलच्या दक्षिणेला, आणि त्याला लागून जे अवशेष आहेत ते अश्शूर शहराचे. तेच अश्शूर, ज्याच्यावरून देशाचं नाव पडलं. आपल्या घाटावरची पोरं यशयाच्या अश्शूरात जाऊन मेली आणि घरच्यांना पत्ता नाही की हे नाव आपल्या देवळात वाचतात.

आता तो व्हिडिओ. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा अध्यक्ष असद पळाला, दिमिष्क बंडखोरांच्या हातात गेलं आणि लगेच यशया १७ फिरायला लागला, 'दिमिष्क नगर राहणार नाही, ढिगारा होईल'. आपल्या मंडळीच्या ग्रुपवर पण चार जणांनी टाकला, तुझ्या शालूमावशीनं दोनदा. बेटा, दिमिष्क इसवी सन पूर्व ७३२ मध्ये अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसरनं घेतलं, राजाला मारलं, लोकांना हद्दपार केलं, यशयाच्या हयातीत. ते भविष्य ज्यांना सांगितलं होतं त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. प्रत्येक वेळी बातम्या लागल्या की शास्त्र उघडून बोट ठेवायचं हे मला पटत नाही. त्याला अभ्यास म्हणत नाहीत, पंचांग म्हणतात.

पण म्हणून मी याच्या उलट्या टोकालाही जात नाही, की हे सगळं जुनं काव्य आहे आणि झालं गेलं. कारण लोकांनी या अध्यायावर जीव टाकलाय. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात ओनियास नावाचा यहुदी याजक यरुशलेममधून परागंदा होऊन मिसरात गेला आणि त्यानं तिथल्या टॉलेमी राजाला विनंती केली की मला इथं मंदिर बांधू दे, यशयानं सांगितलंय मिसरात परमेश्वराची वेदी होईल म्हणून. आणि बांधलं! लिओंटोपोलिसला. दोनशेहून जास्त वर्षं तिथं उपासना चालली, शेवटी रोमी लोकांनी इसवी सन ७३ च्या सुमारास बंद केलं. योसेफस या इतिहासकारानं हे सगळं लिहून ठेवलंय.

आणि आमच्या आठवणीतलं सांगायचं तर सादात. तेव्हा आपल्याकडे टीव्ही नव्हता, रेडिओवर आणि पेपरात. १९ नोव्हेंबर १९७७ ला मिसरचा अध्यक्ष विमानातून इस्राएलमध्ये उतरला, चार वर्षांपूर्वी ज्यानं योम किप्पूरच्या दिवशी हल्ला केला होता तोच माणूस, दुसऱ्या दिवशी त्यांच्या संसदेत उभा राहून बोलला. मग अमेरिकेत कॅम्प डेव्हिडची बोलणी, मग २६ मार्च १९७९ ला वॉशिंग्टनमध्ये करार. त्या दिवशी सादात, इस्राएलचे पंतप्रधान बेगिन आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर, एक मुसलमान, एक यहुदी, एक बाप्टिस्ट, तिघांनीही आपापल्या भाषणात यशयाचं तलवारींचे फाळ करण्याचं वचन घेतलं. तेव्हा किती जणांना वाटलं असेल की आलाच तो दिवस. आणि पुढे? अरब लीगनं मिसरला बाहेर काढलं, कचेरी कैरोहून ट्यूनिसला हलवली. ६ ऑक्टोबर १९८१ ला परेड बघताना सादातला त्याच्याच सैन्यातल्या लोकांनी गोळ्या घातल्या. करार मात्र टिकला, आजही आहे. दोन्ही देशांत वकिलाती, व्यवहार, पण साधा मिसरी माणूस तिकडे फिरायला जात नाही, लोक त्याला थंड शांती म्हणतात. मी म्हणतो थंड तर थंड, त्या सीमेवर १९७३ नंतर तसं युद्ध झालं नाही, कितीतरी आयांची पोरं घरी राहिली. हे यशया १९ पूर्ण झालं का? नाही. त्याच्याशी काही संबंध नाही का? तसंही म्हणवत नाही. मला याहून स्पष्ट बोलता येत नाही आणि ज्यांना येतं त्यांच्यावर माझा विश्वास कमी आहे.

फाळावरून आठवलं, योएलमध्ये नेमकं उलटं वचन आहे हं, नांगराच्या फाळांच्या तलवारी करा. युनोच्या बागेत यशयाच्या वचनाचा पुतळा उभा आहे, हातोड्यानं तलवार ठोकणारा माणूस, १९५९ मध्ये दिला कोणी तर सोव्हिएत रशियानं, जो तेव्हा देव मानत नव्हता आणि अणुबॉम्ब मात्र करत होता. असो.

आज अश्शूर कुठे आहे विचारशील तर मोसुल. निनवेचे अवशेष मोसुलमध्येच आहेत, नदीच्या पूर्वेला. आणि तिथले ख्रिस्ती लोक स्वतःला आजही अश्शुरी म्हणवतात, काही खाल्दी म्हणवतात, काही सुरियानी, घरात अरामीच्या बोली बोलतात. दरवर्षी तीन दिवस निनवेचा उपास धरतात, योनाचं ऐकून राजानं धरला होता तो. केरळातल्या जुन्या सिरियन मंडळ्या पण धरतात, तुमच्या हॉस्पिटलात कोट्टायमच्या सिस्टर असतीलच, विचार. २०१४ च्या जुलैमध्ये आयसिसनं मोसुलमधल्या ख्रिस्ती घरांच्या दारावर अरबी 'नून' अक्षर ('नसारा' म्हणजे ख्रिस्ती, त्याचं पहिलं अक्षर) काढलं, धर्म बदला, कर भरा नाहीतर जीव गमवा, आणि लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. त्याच महिन्यात योनाची कबर म्हणून मुसलमान आणि ख्रिस्ती दोघंही मानायचे ती नबी यूनुसची मशीद त्यांनी सुरुंग लावून उडवली. नंतर शहर सोडवल्यावर बघतात तर खाली आयसिसनं चोरीसाठी बोगदे खणलेले आणि त्यात एसरहद्दोनच्या राजवाड्याच्या भिंती, लेखांसकट. वर योना, खाली सन्हेरीबाचा मुलगा. लाखीशच्या बैलगाडीतल्या बायका आणि मोसुलहून निघालेल्या बायका मला तर एकाच चित्रात दिसतात, फक्त आता गाडीत बसलेले अश्शुरी होते.

आणि मिसरचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर २१ जणांचे गळे कापले, २० कॉप्टिक आणि एक घानाचा. कोण होते ते? मिसरातल्या मिन्या प्रांताकडची गरीब पोरं, मजुरीला लिबियाला गेलेली, तुझ्यासारखीच घरी पैसे पाठवणारी. त्यातल्या दोघांचा सख्खा भाऊ नंतर टीव्हीवर बोलला, तुझ्या त्या सिस्टरना नक्की माहीत असेल. तो म्हणाला मारेकऱ्यांनी व्हिडिओ कापला नाही, शेवटी त्यांच्या तोंडी येशूचं नाव होतं ते राहू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. आणि त्यानं लाईव्ह कार्यक्रमात मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, की देवा त्यांचे डोळे उघड. आईला विचारलं होतं म्हणे, त्यातला एक रस्त्यात दिसला तर काय करशील, तर ती म्हणाली घरात बोलवीन, त्याच्यामुळे माझी पोरं स्वर्गात गेली. मी हे तुझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली मला नाही जमणार, आणि उठून आत गेली. मलाही नाही जमणार. म्हणून मी अशा गोष्टी मंडळीत उदाहरण म्हणून सांगत नाही, लोक आमेन म्हणतात आणि जेवायला जातात.

आता तू विचारलं नाहीस पण मनात असणार, गाझा. तू जिथं आहेस तिथं तर रोज जेवणाच्या टेबलावर हाच विषय असेल. आपल्या इकडे काही जणांनी स्टेटसला इस्राएलचा झेंडा लावलाय, देवाचे निवडलेले लोक म्हणून, आणि त्याविरुद्ध बोललं की तू शास्त्र मानत नाहीस. मी त्यांना हाच अध्याय दाखवतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं जे केलं, घरात शिरून मारलं, ओलीस नेलं, त्याला मी कोणत्याही वचनानं झाकणार नाही. आणि त्यानंतर गाझात जी पोरं मेली, त्यांनाही वचनानं झाकणार नाही. त्याच महिन्यात गाझाच्या जुन्या सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारात इस्राएली हल्ल्यात आसऱ्याला आलेली माणसं मेली, ती आपल्याच प्रभूची माणसं होती, त्यांचा झेंडा कोणी स्टेटसला लावला? आणि ते चर्च त्याच जुन्या रस्त्यावरच्या शहरात आहे बरं. इस्राएलवर प्रेम करा ना, मी कुठे नको म्हणतो, अलिबागकडचे आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, तिकडे गेलेत, तिथून मराठीत 'मायबोली' त्रैमासिक काढत आलेत, तीही आपलीच माणसं. पण यशयाच्या देवाला इस्राएलवर प्रेम करायला मिसरचा द्वेष करावा लागत नाही, मग यांनाच का लागतो ते मला कळत नाही.

आणि तुझं नाव. आजीनं नाव सुचवलं तेव्हा मला साधं गोड नाव वाटलं होतं. पण शास्त्रातली रुथ मवाबी होती, इस्राएलशी वैर असलेल्या शेजारच्या मवाब देशाची. अनुवाद २३ मध्येच लिहिलंय, मवाबी माणूस दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत येऊ नये. आणि दावीद राजा तिचा पणतू. नियम पुस्तकात तसाच आहे आणि रुथ पण पुस्तकात आहे, कोणी कोणाला खोडलेलं नाही.

आता तुझ्या त्या सिस्टरशी बोलायचं झालं तर माझ्या दोन शंका विचार. त्यांच्याकडे उपदेशात 'अश्शूर माझ्या हातची कृती' हा तुकडा पण घेतात का, की मिसरपाशीच थांबतात? कारण तसं असेल तर आपल्यासारखेच झाले, प्रत्येकानं आपलं नाव तेवढं फ्रेम केलं. आणि सीमेवरचा तो स्तंभ, वचन १९, त्याबद्दल त्यांचे पाळक काय सांगतात? मी ऐकलेली उत्तरं मला पटलेली नाहीत.

बाकी सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, सायकलच्या दुकानावरून चालत बाजारात जाते. तुझ्या बँकेच्या फॉर्मवर सही राहिलीये, डिसेंबरात आलीस की करू. पुढच्या गुरुवारी आपल्या घरी प्रार्थनासभा आहे आणि पाळकसाहेबांनी वचन मला द्यायला सांगितलंय. मी हाच अध्याय घेणार आहे. शालूमावशी पण येणारे, आणि तिनं मला आधीच बजावलंय की दिमिष्कबद्दल काही बोललात तर मी चहा न घेता जाईन. मी बोलणार आहे. चहा आई आधीच देणार आहे.

तुझा,
पप्पा